मागच्या दारावर ‘टर्बो’, ब्लॉकवर वेगळंच नाव : इंजिन बदललेल्या लक्झरी फोर-बाय-फोर गाड्यांबद्दल

केळीबाग_रावेर | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. लांब होईल, पण पूर्ण वाचा. आपल्या पट्ट्यात अशा गाड्या आता दर महिन्याला येताहेत.

माझ्या मोठ्या भावाला लहानपणापासून टोयोटाच्या जुन्या लँड क्रूझरचं वेड. त्यातही ८० सिरीज, नव्वदच्या दशकातली : चारही चाकांना कॉईल स्प्रिंग, आत लेदर, आणि शेताच्या रस्त्यावर बैलगाडीच्या चाकोरीतून जाताना पोटातलं पाणी हलत नाही. यंदा हात मोकळा झाला तसं दादाने मनावर घेतलं. परराज्यातल्या एका मोठ्या शहरातला व्यापारी, मध्ये आपल्याच भागातला दलाल. गाडी गडद हिरवी, नव्याने रंगवलेली, मागच्या दारावर ‘टर्बो’ असा चकचकीत मोनोग्राम. सांगितलं काय, तर ४.२ लिटर टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) डिझेल, ओरिजिनल इंजिन, पाना लागलेला नाही. बॉनेट उघडलं तर टर्बो समोर दिसतोय. आरसीवर सहा सिलिंडर, ४१६४ सीसी, डिझेल. चासीच्या पाटीवर मॉडेल कोड एचडीजे८०. आम्ही नेटवर शोधलं, एचडीजे म्हणजे टर्बोच. सगळं जुळत होतं. पैसे दिले.

पंधरा दिवसांत सातपुड्यातल्या पाल गावाकडे जाताना, गाडीत चौघंच असूनही, चढाला गरमीचा काटा वर सरकायला लागला. मागे काळा धूर. दादा म्हणाला, ऊन आहे. दुसऱ्यांदा पहाटे नेली, तरी तेच. शेवटी भुसावळला इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. मिस्त्रीने पंपाला हात लावायच्या आधी ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाची, बाजू डिझेलने भिजवली आणि वायर ब्रश घेऊन घासायला बसला. आधी ऑइल आणि धुळीचा थर निघाला, त्याखाली ताज्या रंगाचा फवारा होता, तोही निघाला. मग एकेक अक्षर वर आलं : १एचझेड, आणि पुढे नंबर. आरसीवरचा इंजिन नंबर १एचडीने सुरू होतो. मिस्त्रीने माझ्या हातात टॉर्च दिला आणि एवढंच म्हणाला, “तुम्हीच वाचा भाऊ.”

दादा त्या दिवशी घरी जेवला नाही. पैसे गेले याचं दुःख आहेच, पण गाडी दाखवताना त्या माणसाने दादाच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, ते जास्त लागलंय. मला दोन गोष्टी हव्यात. या इंजिनाचं आता काय करावं, आणि कागदाचं काय करावं.


नोझलवाला_जळगाव | रविवार, रात्री १०:२५

भाऊ, वाचून वाईट वाटलं. इंजिनाचं मी सांगतो.

ही दोन्ही इंजिनं एकाच घरातली. दोघांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १००, सिलिंडर सहा. त्यामुळे दोघांचा सीसी ४१६४ भरतो. आरसीवरच्या सीसीवरून ओळखायला गेलात तर कुणीही फसेल, तुमची चूक त्यात काही नाही.

फरक आत आहे. १एचझेडला कंपनीतून टर्बो येत नाही. त्यात डिझेल हेडमधल्या (सिलिंडरवरच्या झाकणातल्या) छोट्या कप्प्यात फवारलं जातं, तिथे पेट घेतं आणि मग ज्वाळा सिलिंडरमध्ये उतरते. १एचडी-टीमध्ये, म्हणजे तुमच्या आरसीवरच्या टर्बो इंजिनात, डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत पडतं. १एचझेडचं कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते ते) २२ च्या वर, १एचडी-टीचं साडेअठराच्या आसपास. टर्बो लावायचा तर कॉम्प्रेशन कमी लागतं, म्हणून कंपनीने दुसरं इंजिन मुद्दाम तसं बनवलं. तुमच्या गाडीत कोणीतरी २२ च्या इंजिनावर बाहेरचा टर्बो बसवला, आणि हवा वाढली म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलही वाढवलं. असं इंजिन सपाटीला पळतं. चढावर लोड आला की आतली उष्णता जाणार कुठे? पाण्याचा काटा तुम्हाला दिसतो, पण पिस्टनवर आणि त्या कप्प्याच्या तोंडाशी काय होतंय ते काट्यावर दिसत नाही. हेडला चीर तिथेच पडते.

म्हणून पहिलं काम, गाडी घाटात नेणं बंद करा. टर्बो उतरवा, साधा मॅनिफोल्ड (धुराची नळी) बसवा, पंप मूळ मापावर आणा, नोझल तपासा. ताकद १३० हॉर्सपॉवरच्या आसपास राहील, १एचडी-टीची १६० च्या आसपास असते. घाटात एक गिअर खाली घ्यावा लागेल. पण १एचझेडला नावं ठेवू नका. जगभरात मदतकार्याच्या आणि खाणींच्या गाड्यांमध्ये हे इंजिन राबतं, ते त्याच्या टिकाऊपणामुळेच. तुमच्याशी खोटं इंजिन बोललं नाही, माणूस बोलला.


आबा_धुळे | सोमवार, सकाळी ७:०५

केळीबाग, तुझ्या दादाला माझा नमस्कार सांग. एक जुनी गोष्ट लिहितो.

इंजिन बदलणं आपल्याकडे नवीन नाही. आमच्या वडिलांची विलीज बनावटीची जीप होती, पेट्रोलची. २.२ लिटरचं ते हरिकेन इंजिन आवाजाला गोड, पण पेट्रोल इतकं प्यायचं की ट्रॉलीभर भाजी धुळ्याच्या मार्केटला नेली तर भाड्याचे पैसे तिथेच जात. ऐंशीच्या दशकात आग्रा रोडच्या गॅरेजवाल्यांनी अशा कितीतरी जीपमध्ये डिझेल बसवलं. कुणी पूजो या फ्रेंच कंपनीचं, कुणी मेटॅडोर टेम्पोचं. आमच्यात मेटॅडोरचं बसवलं. बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) जुळत नव्हती, तर लेथवाल्याने जाड पोलादी प्लेट कापून मधे घातली. भोकं मारायला त्याला दोन दिवस लागले, कारण सेंटर केसभर चुकलं तरी क्लच खातो आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एक पान वाढवलं. रेडिएटर मोठा केला.

मग वडील आरटीओत गेले, अर्ज दिला, जीप दाखवली, इंजिनाची पावती जोडली आणि पुस्तकावर पेनाने नवा नंबर चढवून घेतला. ती जीप आम्ही विकली तेव्हा घेणाऱ्याला पहिलं वाक्य सांगितलं, “इंजिन मेटॅडोरचं आहे, प्लेट लेथवर बनवलेली आहे, इथे बघा.” त्याने उलट चार पैसे जास्त दिले.

इंजिन बदलण्यात कसला दोष नाही. घेणाऱ्यापासून लपवलं की तो दरोडा.


शिरपूर_ऑफरोड | सोमवार, दुपारी १:३०

आबांच्या सगळ्या म्हणण्याशी सहमत. पण मोनोग्रामबद्दल दुसरी बाजू मांडतो. माझ्याकडे फोर्सची गुरखा जीप आहे. तिला मी मर्सिडीजच्या जी-क्लाससारखी ग्रिल लावली, पुढे तारा लावला, मागे त्यांच्या महागड्या मॉडेलचा ६३ आकडा लावलाय. आवड आहे, माझ्या पैशाची आहे. रस्त्यावर लोक फोटो काढतात, मुलांना आनंद होतो. यात मी कुणाला फसवलं? विकताना सगळं काढूनच देईन.


केळीबाग_रावेर | सोमवार, दुपारी ३:१५

शिरपूर भाऊ, तुमची गाडी सगळ्यांना गुरखा म्हणूनच माहीत आहे, म्हणून आज कुणी फसलेलं नाही. माझी भीती पुढची आहे. तुमच्याकडून तिसऱ्या मालकाकडे गेल्यावर तो मोनोग्राम कोण काढणार? आमच्या गाडीवर ‘टर्बो’ लावणाऱ्या पहिल्या माणसानेही कदाचित हौस म्हणूनच लावला असेल. दुसऱ्याने तो किंमत वाढवायला वापरला आणि तिसरे आम्ही.

काल रात्री तो मोनोग्राम मी काढला. हेअर ड्रायरने गरम केला आणि मासे पकडायची नायलॉन दोरी मागून ओढली. खाली बघतो तर सपाट, एकसारखा रंग. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या गाडीचा मोनोग्राम काढला की त्या जागी अक्षरांच्या आकाराचा गडद रंग उरतो, कडेला मेणाची आणि धुळीची रेघ असते. इथे काहीच नव्हतं. रंगकाम झालं, त्यावर बाजारातलं अक्षर चिकटवलं, गाडी फोटोला उभी केली. आणि मॉडेल कोडने आम्हाला खात्री दिली, कारण चासी खरोखरच टर्बोची आहे. जन्माची टर्बो, आता पोटात दुसरंच. खऱ्या पाटीच्या आधाराने खोटं खपलं.


नंदुरबार_ते_चाकण | सोमवार, रात्री ८:५०

मी मूळचा नंदुरबारचा, वाहन उद्योगात नोकरीला. मोनोग्रामवर विसंबू नका याचं आणखी एक कारण म्हणजे कंपनीने स्वतः लावलेला आकडासुद्धा इंजिनाचं माप सांगतोच असं नाही.

६३ चंच घ्या. १९६८ च्या मर्सिडीज ३०० एसईएल ६.३ गाडीत खरंच ६.३ लिटरचं व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन होतं. पुढे मर्सिडीजच्या एएमजी या विभागाने ‘६३’ नावाने जे इंजिन आणलं ते ६२०८ सीसीचं, म्हणजे ६.२. जी ६३ आली २०१२ मध्ये, तिच्यात साडेपाच लिटरचं ट्विन टर्बो व्ही८. २०१८ च्या नव्या जी ६३ मध्ये ४ लिटरचं, ५८५ हॉर्सपॉवरचं. आकडा तोच, इंजिन लहान होत गेलं आणि ताकद वाढत गेली. जी ३५०डीमध्ये साडेतीन लिटर शोधाल तर सापडणार नाही, भारतात २०१९ ला आलेल्या ३५०डीत २.९ लिटरचं सहा सिलिंडर डिझेल आहे.

लँड रोव्हरच्या डिफेंडरचं तर वेगळंच. ९० आणि ११० हे जुन्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, इंचांत. ११० बरोबर ११०, पण ९० प्रत्यक्षात जवळपास ९३ इंच. नव्या डिफेंडरमध्ये तेच आकडे ठेवले आणि अंतर १०२ नि ११९ इंचांच्या घरात गेलं. आता ती फक्त नावं आहेत.

आणि दुसऱ्या घराचं इंजिन म्हणजे गडबडच, असंही नाही. १९९४ च्या रेंज रोव्हरमध्ये डिझेल घेतलं की बीएमडब्ल्यूचं अडीच लिटर सहा सिलिंडर कंपनीतूनच यायचं. २००२ ची नवी गाडी आली तेव्हा पेट्रोल व्ही८ पण बीएमडब्ल्यूचं. कुणी अशी गाडी विकायला आणली आणि बॉनेटखाली बीएमडब्ल्यूचे शिक्के दिसले, तर घाबरून माघारी फिरू नका, आधी वर्ष बघा.

शिरपूर भाऊंच्या गुरखाबद्दल : तिचं २.६ लिटर डिझेल इंजिन मर्सिडीजच्या तंत्रावरूनच आलेलं आहे, आणि आबांच्या जीपमधलं मेटॅडोरचं इंजिनही मर्सिडीजच्याच लायसन्सवर इथे बनायचं. गाडीला स्वतःचं खरं घराणं आहे. वरून ६३ चिकटवायची गरजच काय? खऱ्या एएमजी व्ही८ वर ते इंजिन बांधणाऱ्या कारागिराच्या सहीची पट्टी असते. तिचीही नक्कल बाजारात मिळते, हे लक्षात ठेवा.


सर्व्हेयर_ताई | सोमवार, रात्री १०:१०

माझं माहेर पाचोरा, काम विमा सर्व्हेचं. केळीबाग दादा, तुम्ही विचारलं नाहीत पण मला सांगावंसं वाटतं, कारण रडणारे मालक मी बघते.

अपघाताची गाडी समोर आली की आम्ही मोनोग्राम बघतच नाही. चासीच्या ठोकलेल्या नंबरवर कागद धरून पेन्सिल घासतो आणि छाप घेतो. मग इंजिन नंबर. छाप, आरसी आणि पॉलिसी, तिन्ही जुळले तर पुढचं बोलणं. एका घरात कर्ता माणूस दवाखान्यात होता, गाडीचा पुढचा भाग गेलेला, आणि इंजिन नंबर जुळेना. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं की इंजिन बदललेलं आहे. त्या बाईंना ते समजावून सांगताना मला शब्द सापडत नव्हते. तेव्हा आरटीओत नोंद होईपर्यंत विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पोच घ्या.

कायदा थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचा तपशील आणि कंपनीने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. परवानगीशिवाय इंजिन बदललं गेलं असेल तर १४ दिवसांत कळवायचं असतं. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडक अर्थाने लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तुम्ही बदल केलेला नाही, पण कळल्यानंतर गप्प बसलात तर ते सांगणं अवघड होत जाईल. मिस्त्रीकडून तारखेसह लिहून घ्या की अमुक दिवशी ब्लॉक घासल्यावर हा नंबर दिसला.


अहिराणी_माणूस | मंगळवार, सकाळी ८:००

भाऊ, मोनोग्राम कोनी बी लाई देस. इंजिननं नाव ब्लॉकवर ऱ्हास. आते इतलं ध्यानमा ठेव, आन दादाले म्हन, जेवन नको सोडू.


कागदपत्र_चाळीसगाव | मंगळवार, दुपारी १२:२०

मी वीस वर्षं आरटीओच्या कामात आहे. या गाड्या आपल्याकडे का येतात ते आधी समजून घ्या. दिल्ली आणि आजूबाजूच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर कोर्टाच्या आदेशाने बंदी आली होती, २०२५ मध्ये ती काही गाड्यांपुरती शिथिल झाली. त्यामुळे तिथल्या मोठ्या लोकांच्या महागड्या डिझेल गाड्या एकदम स्वस्त होतात, एनओसी घेऊन जळगाव-धुळ्याकडे येतात आणि एमएच-१९, एमएच-१८ होतात. चांगल्या गाड्याही येतात, मी स्वतः पासिंग करून दिलेत. पण लक्झरी गाडीचं इंजिन गेलं की नव्याचा खर्च गाडीच्या किमतीपर्यंत जातो. मग मालक जुन्या बाजारातून मिळेल ते इंजिन टाकतो, रंग मारतो आणि विकतो. नोंद करत नाही, कारण नोंद केली की भाव पडतो.

घेताना काय बघायचं? गाडीजवळ जायच्या आधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाका. इंधन, नोंदणीची तारीख, मालक कितवा, हे विकणाऱ्याच्या बोलण्याशी ताडून बघा. मग चासी नंबर. सतरा अक्षरी असेल तर पहिली एक-दोन अक्षरं देश सांगतात : डब्ल्यू जर्मनी, एस ब्रिटन, जे जपान, आणि एमए ते एमई भारत. लँड रोव्हर असेल तर एसएएल. ऑस्ट्रियात बनणाऱ्या जुन्या जी-क्लासवर मात्र डब्ल्यूडीबी येतं, ते बरोबर आहे. मग टॉर्च, चिंधी आणि थोडं डिझेल घेऊन ब्लॉकवरचा नंबर. विकणारा म्हणाला ‘इंजिन गरम आहे, नंतर बघा’, तर चहा पिऊन या, थांबा, थंड होऊ द्या. नंबराच्या जागी ग्राइंडर फिरल्याच्या रेघा असतील किंवा तेवढाच भाग नव्याने रंगवलेला असेल, तर तिथूनच परत फिरा.

केळीबाग भाऊ, तुमच्या केसमध्ये एक काळजी मोठी आहे. ते १एचझेड कुठून आलं? एखाद्या चोरीच्या गाडीतलं असेल तर भलतंच लचांड. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) ‘वाहन समन्वय’ या चोरीच्या गाड्यांच्या यादीवर इंजिन नंबर टाकून बघा, त्याची प्रिंट ठेवा. व्यापाऱ्याकडे इंजिनाचं बिल लेखी मागा. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन असतं तर नोंद सोपी होती. तुमचं मेक तेच आहे, प्रकार वेगळा आहे, म्हणून निर्णय अधिकाऱ्यांचा. लपवाछपवी न करता अर्ज द्या, गाडी समोर उभी करा.


केळीबाग_रावेर | पुढचा शनिवार, संध्याकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. आठवडाभरात काय झालं ते लिहितो.

व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “चासी नंबर बघा, टर्बोच आहे, आम्ही काय खोटं बोललो?” हेच वाक्य तीनदा. इंजिनाचं बिल मागितलं तर फोन कट. आता वकिलामार्फत नोटीस गेली आहे. दलाल मात्र स्वतः रावेरला आला. त्यालाही इंजिनाचं माहीत नव्हतं, असं तो शपथेवर म्हणाला आणि दलालीचे पैसे टेबलावर ठेवून गेला. दादाने त्याला चहा दिला.

इंजिन नंबर चोरीच्या यादीत नाही. प्रिंट फाइलला लावली. मिस्त्रीने तारखेसह लिहून दिलं, विमा कंपनीची पोच आली.

टर्बो उतरवला. नोझलवाला भाऊंचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. हेड खोलल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या कप्प्याशेजारी केसासारखी चीर. अजून दोन-चार घाट झाले असते तर पाणी आत गेलं असतं. दुसरं हेड मिळालं, पंप मापावर आला. काल दादा पहाटे पालला जाऊन आला. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, हळूच, पण काटा मधोमध आणि धूर नाही. परत आला तेव्हा खूप दिवसांनी त्याच्या तोंडून गाडीबद्दल बोलणं ऐकलं.

आरटीओचा अर्ज तयार आहे. गुरुवारी जळगावला गाडी दाखवायला न्यायची आहे. अर्जात ‘खरेदीनंतर निदर्शनास आले’ लिहू की ‘पूर्वीच्या मालकाने बदललेले’?


कागदपत्र_चाळीसगाव | शनिवार, रात्री ८:०५

‘खरेदीनंतर निदर्शनास आले’ एवढंच लिहा. पूर्वीच्या मालकाने बदललं हे तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं नाही. मिस्त्रीचं पत्र, प्रिंट, विम्याची पोच आणि नोटिशीची प्रत या क्रमाने लावा. गुरुवारी मी जळगावातच आहे, साडेदहाला गेटवर भेटतो.


शिरपूर_ऑफरोड | शनिवार, रात्री ९:२०

नायलॉन दोरी नेमकी किती जाडीची घेतली होती? ६३ काढायला बसलोय, रंग ओरखडायला नको.


केळीबाग_रावेर | शनिवार, रात्री ९:२६

अर्धा मिलिमीटर. आधी नीट गरम करा, ओढू नका, करवतीसारखी डावी-उजवी चालवा. गोंद राहिला तर चिंधीला रॉकेल लावून पुसा आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवा.